गुणाजीची सकाळची गोळी

भामाकाकीच्या काळजात बिघाड आहे असं परळच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा घोडपदेवच्या त्या चाळीत अर्ध्या लोकांना नवल वाटलं ते बिघाडाचं नाही, काळजाचं. या बाईला घशाखाली थेट पोट असणार, मध्ये काही नसणार, असाच सगळ्यांचा समज होता.

भामाकाकी म्हणजे सत्यभामा गुणाजी घाडी. शाळा दुसरीपर्यंत, तीही मास्तरच्या हाताला चावून सोडलेली. पण जीभ अशी की पाण्याचा नळ तपासायला येणारा पालिकेचा माणूस तिच्या दारावरून जाताना चपला हातात घेऊन जायचा. चाळीची वर्षाची पूजा असली की देवापुढे गाऱ्हाणं घालायचं तिनेच. खरं तर हे बाप्याचं काम. कोकणात घाड्याच्या घरातला पुरुष देवापुढे उभा राहून सगळ्यांची सुखदुःखं खड्या आवाजात मांडतो आणि मागचे लोक दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. गुणाजी धडधाकट होता तोवर तोच घालायचा.

मग एका सकाळी गॅलरीत तोंड धुता धुता गुणाजी तांब्यासकट खाली बसला तो उठलाच नाही. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि गिरणीच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची सवय असलेल्या त्या माणसाच्या तोंडात एकच शब्द उरला. ‘व्हय.’

‘पेज देऊ?’

‘व्हय.’

‘की नको पेज?’

‘व्हय.’

‘मग मी मरू?’

‘व्हय.’

सहा वर्षं. लग्न झाल्या दिवसापासून ज्या विजयासाठी भामाकाकी झगडत होती तो तिला असा फुकट मिळाला, आणि त्याला काही चव नव्हती. सहा वर्षांनी गुणाजी गेला. त्यानंतर गाऱ्हाणं तिने उचललं ते आजतागायत.

आता तिच्या स्वतःच्या छातीत मधूनच कबुतर फडफडल्यासारखं व्हायचं. डॉक्टर वैशंपायन तरुण होते, बोलायला मऊ, पुण्याकडचे. त्यांनी कागदावर काळीज काढून दाखवलं. भामाकाकीला ते पपनसासारखं दिसलं.

‘आजी, हृदयाचे हे वरचे दोन कप्पे तुमच्यात नीट आवळत नाहीत, नुसते थरथरतात. मग रक्त पुढे सरकत नाही, एका कोपऱ्यात साचून राहतं. इथे, हृदयाला कानासारखी एक पिशवी असते, तिच्यात.’

‘काळजाला कान?’

‘कानासारखी पिशवी.’

‘बरं झालं,’ ती सुनेकडे बघून म्हणाली. ‘काही लोकांना वरच्या कानांनी ऐकू येत नाही. आतल्याने तरी येवो.’

सून अनुजा पर्स मांडीवर धरून बसली होती. अशा वेळी भिंतीवरचं घड्याळ बघावं, एवढं ती लग्नाच्या पहिल्या वर्षातच शिकली होती.

‘साचलेलं रक्त विरजण लागल्यासारखं घट्ट होतं,’ डॉक्टर पुढे म्हणाले. ‘त्याची गुठळी होते. ती सुटून मेंदूत गेली तर हात जातो, पाय जातो, वाचा जाते.’

हात आणि पाय यांना भामाकाकीने मान डोलावली होती. वाचा म्हटल्यावर तिने पदर सारखा केला.

उपाय होता. जांघेतल्या शिरेतून बारीक तार काळजापर्यंत न्यायची आणि जिथून उलटसुलट ठोके सुटतात ती जागा आतून डागायची. डागणं तिला नवं नव्हतं, गावी गुरं डागतात. पण घोळ पुढे होता. आत आधीच गुठळी असली तर तारेच्या धक्क्याने ती सुटायची, आणि डागलेल्या जागीही नवी गुठळी धरायची भीती. म्हणून तार घालायच्या आधी महिनाभर, आणि नंतरही काही महिने, रक्त पातळ ठेवायची गोळी. सकाळी एक, रात्री एक.

‘एकही चुकवायची नाही,’ डॉक्टरांनी बोट उभं केलं. ‘आणि मला विचारल्याशिवाय बंद करायची नाही. उपास असो, लग्न असो, काहीही असो.’

‘माझ्या घोवाच्या डोक्यात अशीच गुठळी गेली,’ भामाकाकी म्हणाली. ‘सहा वर्षं नुसता व्हय व्हय करत पडला. त्याला ही गोळी दिली असती तर?’

‘ठोके असे बिघडलेत हे तेव्हा कळलं असतं, तर उपयोग झाला असता,’ पुढच्या पेशंटची फाईल ओढता ओढता डॉक्टर म्हणाले.

एवढंच वाक्य. भामाकाकी ते घेऊन घरी आली.

घाड्यांच्या घरात सकाळी तव्यावरचं पहिलं काही उतरलं की आधी वाडी ठेवायची. वाडी म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावाने बाजूला काढलेलं पान. बाकीचे लोक अमावास्येला ठेवतात, नाहीतर पितृपक्षात. भामाकाकी रोज ठेवायची. गुणाजीला जिवंतपणी सकाळची भूक दम काढू द्यायची नाही, मेल्यावर ती खोड गेली असेल असं मानायला तिला काही कारण दिसत नव्हतं. गॅलरीच्या कठड्यावर केळीच्या पानाचा तुकडा, त्यावर घावन आणि चटणी. एक ठरलेला कावळा यायचा. उजव्या पायाने जरा अधू, मानेवर राखाडी, आणि खाण्याआधी डोकं वाकडं करून चटणी निरखणारा. गुणाजीसुद्धा चटणी बघूनच पानावर बसायचा की नाही ते ठरवायचा. त्यामुळे हा कावळा कोण, यावर घरात कधी चर्चा झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भामाकाकीने पाकीट फोडलं. गोळी बारीक होती, गुलाबी. एक असती तर तिने मुकाट्याने गिळली असती. पण दिवसाला दोन, आणि दोन म्हटलं की संसारी बाईला आधी वाटणी सुचते. तिने सकाळची गोळी घावनाच्या घडीत दाबली आणि पान कठड्यावर ठेवलं.

‘तेव्हा नाय मिळाली,’ ती म्हणाली. ‘आता घे.’

कावळ्याने डोकं वाकडं केलं. मग गोळी आधी खाल्ली आणि घावन नंतर. जेवणाआधी की जेवणानंतर हे डॉक्टरांना विचारायचं राहिलं होतं, ते गुणाजीने परस्पर ठरवून टाकलं.

तेव्हापासून सकाळची त्याची, रात्रीची तिची. एकही चुकली नाही. अनुजा रिकामी पाकिटं बघायची आणि मनात म्हणायची, बाई कितीही फटकळ असली तरी औषधाला चोख आहे.

महिना झाला आणि घरचे सगळे तिला घेऊन इस्पितळात गेले. मुलगा रमाकांतने पतपेढीतून रजा घेतली होती. शेजारचा कुशाबाही आला, गुणाजीबरोबर गिरणीत एकाच खात्यात साच्यांवर उभा राहिलेला माणूस. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण घाड्यांच्या घरातलं काही त्याच्याशिवाय व्हायचं नाही अशी त्याची समजूत होती.

तार घालायच्या आधी डॉक्टरांना एकदा आतला कान बघायचा होता. त्यासाठी घशातून एक नळी खाली सोडतात आणि अन्ननळीतून काळजाची मागची बाजू बघतात. नर्सने घशात फवारा मारला. भामाकाकीची जीभ हळूहळू बधिर झाली, मग दाताला दात लागलेला कळेना. अर्धवट गुंगीत ती जीभ शोधत राहिली, अंधारात चप्पल शोधावी तशी.

नळी बाहेर आली तेव्हा डॉक्टरांचा चेहरा उतरला होता. त्यांनी तिला टेबलावरून खाली घ्यायला सांगितलं आणि बाहेर आले.

‘आज करता येणार नाही. गुठळी आहे.’ त्यांनी करंगळीचं नख दाखवलं. ‘एवढी. कानात बसलीय. गोळ्या चुकल्या का?’

‘नाही,’ रमाकांत म्हणाला.

‘रोज दोन्ही वेळा?’

‘व्हय,’ कुशाबा म्हणाला.

‘उपासालासुद्धा?’

‘व्हय,’ आता रमाकांत आणि कुशाबा दोघं म्हणाले.

अनुजाने पर्समधून रिकामी पाकिटं काढून डॉक्टरांपुढे धरली. डॉक्टरांनी ती उलटीपालटी केली. नर्सने बाहेर आणून भिंतीला टेकवून बसवलेल्या भामाकाकीने बधिर तोंडाने ‘एकय चुकली नाय’ असं काहीतरी म्हटलं, आणि ते अगदी खरं होतं.

‘मग ही गोळी तुम्हाला लागू पडत नाही,’ डॉक्टर कपाळ चोळत म्हणाले. ‘सोमवारी या. दुसरं औषध सुरू करू. त्याला सारखं रक्त तपासावं लागतं, जरा जिकिरीचं असतं, पण करूया.’

‘कडू असता काय तां?’ भामाकाकीने विचारलं. ‘कडू त्याका... माका चालत नाय.’

जीभ बधिर आहे म्हणून बोलण्यात गोंधळ झाला असेल, असं सगळ्यांनी धरलं.

सोमवार उजाडायच्या आत कावळ्याचा पाय कापला. संक्रांत नुकतीच होऊन गेलेली, पोरांचा मांजा चाळीभर लोंबत होता, त्यातच तो कुठेतरी अडकला असणार. जखम म्हणाल तर ओरखडा. पण रक्त काही थांबेना. पहिल्या खोलीपासून शेवटच्या खोलीपर्यंत गॅलरीत धुणं वाळत होतं, आणि तो अधू कावळा एका दोरीवरून दुसऱ्या दोरीवर उड्या मारत प्रत्येकाच्या कपड्यांवर लाल ठिपके सोडत गेला. कुशाबाचा पांढरा सदरा छापील झाला. बायका बाहेर आल्या. कुणी हळद म्हणालं, कुणी चुना म्हणालं, पण कावळा धरायचा कुणी?

‘एवढुश्या पायातून किती रक्त येतंय बघा,’ कुशाबा सदरा हातात घेऊन म्हणाला. ‘थांबायचं नाव नाय. हा काय कावळा आहे की नळ?’

सगळ्या चाळीत एकट्या भामाकाकीच्या चेहऱ्यावर समाधान होतं. कमरेवर हात ठेवून ती कठड्याशी उभी होती.

‘थांबेल कसं,’ ती म्हणाली. ‘पातळ झालंय त्याचं. माझ्याच अंगी लागली नाही गोळी. त्याला बघा कशी लागू पडली.’

अनुजा धुणं सोडून पुढे आली.

‘कुठली गोळी, आई?’ अनुजाने विचारलं.

‘कुठली म्हणजे? सकाळची.’

अनुजाला आधी हसू फुटलं, मग रडू आलं, आणि मग दोन्ही एकदम. रमाकांत बनियनवरच बाहेर आला.

‘आये, महिनाभर तू एकच गोळी खात होतीस?’

‘आणि बाकीची काय मी फेकली? तुझ्या बापाने खाल्ली. तुला वाईट वाटायचं काय त्यात? तो गेला तेव्हा भोकाड पसरलं होतंस ना, की बाबांना चांगलं औषध मिळालं नाही. आता मिळालं तर आईवर डोळे वटारतोस.’

रमाकांत आत गेला आणि त्याने सोमवारसाठी इस्पितळाची फाईल काढून ठेवली.

सोमवारी डॉक्टर वैशंपायनांनी सगळं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि परत काढला.

‘आजी, म्हणजे सकाळच्या सगळ्या गोळ्या कावळ्याने खाल्ल्या.’

‘कावळ्याने नाय. गुणाजी घाड्याने.’

‘आजपासून त्यांची गोळी बंद करा.’

‘तुम्हीच सांगितलंत, डागदराला विचारल्याशिवाय बंद करायची नाय.’

‘मीच डॉक्टर आहे ना? मीच सांगतोय.’

‘पण तुम्ही त्याला तपासलात कुठे?’

बाहेर रांग होती. दारातली नर्स घड्याळ बघत होती. डॉक्टरांनी भामाकाकीकडे नीट बघितलं, आणि ही बाई पटल्याशिवाय हलणार नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी कोरा कागद पुढे ओढला.

‘पेशंटचं नाव?’

‘गुणाजी बाबाजी घाडी.’

‘वय?’

‘गेला तेव्हा एकसष्ट.’

‘आणि आता?’

रमाकांत बोटांवर मोजायला लागला. डॉक्टरांनी ‘राहू दे’ म्हणून हात केला.

‘नाडी?’

‘नाय.’

‘अजिबात नाही, की मध्येच चुकते?’

‘अजिबात नाय.’

‘बीपी?’

‘नाय.’

‘धडधड, घाम, चक्कर, दम लागणं?’

भामाकाकीने विचार केला. ‘गेल्यापासून तक्रार नाय.’

‘म्हणजे ठोके अनियमित नाहीत,’ डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले. ‘ज्याचे ठोके अनियमित नाहीत त्याला या गोळीची गरज नाही. गोळी बंद. आहार पूर्वीप्रमाणे.’ त्यांनी सही केली. शिक्का मारला. नर्सने तोंड फिरवलं.

‘आता तुमचं. औषध तेच, दोन्ही वेळा तुम्हीच घ्यायचं,’ डॉक्टरांनी कागद तिच्या हातात दिला पण सोडला नाही. ‘त्या दिवशी मी नळी घालून बघितलं नसतं आणि थेट तार घातली असती, तर गुठळी सुटली असती. मग आज तुम्ही माझ्याशी असं भांडत नसता.’

‘मग काय करत असते?’

‘व्हय म्हणत असता.’

भामाकाकीने कागद ओढून घेतला आणि कनवटीला लावला. परळ ते घोडपदेव टॅक्सीत ती काही बोलली नाही. अनुजाने दोनदा वाकून तिच्या तोंडाकडे बघितलं, वाकडं झालं की काय म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वाडी मांडली. घावन, चटणी, गोळी नाही. डॉक्टरांचा कागद पानाशेजारी ठेवून वर पोळपाट दाबला, उडू नये म्हणून. गुणाजीला वाचता यायचं. कावळा आला. पायाच्या जखमेवर खपली धरली होती. त्याने चटणी निरखली, घावनाची घडी चोचीने उघडून आत बघितलं, आणि दोन पावलं मागे सरकून कठड्यावर बसून राहिला.

‘खा,’ भामाकाकी म्हणाली.

तो बसून राहिला.

गेलेल्या माणसाच्या पानाला कावळा शिवेना, म्हणजे त्याची काही इच्छा राहिलीय. हे चाळीत शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं. अशा वेळी मागच्यांनी एकेक वचन द्यायचं. बरोबर वचन लागलं की कावळा शिवतो. बातमी गॅलरीभर गेली आणि लोक ब्रश तोंडात धरून जमले.

‘बाबा,’ रमाकांत हात जोडून म्हणाला, ‘गावच्या घराची पडवी यंदा बांधून घेतो.’

कावळ्याने पंख खाजवला.

‘गुणाजी,’ कुशाबा म्हणाला, ‘तुझे भजनाचे टाळ माझ्याकडे आहेत. भामावैनीला हरवले म्हणून सांगितलं होतं. आज आणून देतो.’

‘मेल्या,’ भामाकाकी पुटपुटली. कावळा हलला नाही.

‘बाबा, मी आईंना उलट उत्तर देणार नाही,’ अनुजा म्हणाली.

कावळ्याने मान दुसरीकडे फिरवली. त्यालाही ते पटलं नाही हे बघून गॅलरीत हसू पिकलं.

भामाकाकी पुढे झाली. पदर खोचला. तिचा गाऱ्हाण्याचा आवाज लागला तसे लोक आपोआप तिच्या मागे नीट उभे राहिले.

‘बा गुणाजी म्हाराजा,’ ती म्हणाली, ‘आज तुझ्या पानावर घावन ठेवलाय.’

‘व्हय म्हाराजा,’ गॅलरी म्हणाली.

‘चटणी तुला आवडते तशी, लसूण जास्त घालून केलीय.’

‘व्हय म्हाराजा.’

‘डागदराने तुला तपासून गोळी बंद केलीय, त्याचा कागद शिक्क्यासकट ठेवलाय.’

‘व्हय म्हाराजा.’

‘तरी तू नाय म्हणतोस.’

इथे लोक अडखळले. याला व्हय म्हणायचं की नाही, कुणाला कळेना.

‘सहा वर्षं,’ तिचा आवाज चढला, ‘सहा वर्षं मी वाट बघितली, हा माणूस एकदा तरी नाय म्हणेल. पेज खारट झाली तरी व्हय. माशी तोंडावर बसली तरी व्हय. मी रडले तरी व्हय. आणि आता पंख फुटल्यावर नाय म्हणायला शिकलास? अरे, जिवंत असताना म्हटलं असतंस तर साखर वाटली असती चाळीत. काय हवंय तुला? गोळी हवी? ती गोळी माझी आहे. तुझी नाय. माझ्या कानात करंगळीच्या नखाएवढी गुठळी बसलीय. ती सुटली की माझं पण तुझ्यासारखं होईल. मग तुझ्या पानाला हाक कोण मारेल? ही अनुजा? हिला चटणीत लसूण घालायला जड जातं. तुझ्याशी भांडेल कोण, सांग. सांग ना. आता का गप?’

कावळा तिच्याकडे बघत होता. ती थांबली, धापा टाकत. छातीतलं कबुतर फडफडत होतं. मग तिने कनवटीचं पाकीट काढलं, फोडून गुलाबी गोळी काढली, कावळ्यासमोर दोन बोटांत धरून दाखवली आणि तोंडात टाकली. अनुजाने पाण्याचा तांब्या पुढे केला. भामाकाकीने गोळी गिळली आणि गिळल्याची खूण म्हणून कावळ्याला तोंड उघडून दाखवलं, जीभ वर करून, जीभ खाली करून.

कावळा उडी मारून पानावर आला आणि घावनाला शिवला.

‘घ्या,’ कुशाबा म्हणाला. ‘आम्ही उगाच टाळ कबूल केले.’

त्यानंतर दीड महिना रोज सकाळी तोच कार्यक्रम. आधी भामाकाकीने कावळ्यासमोर गोळी गिळून तोंड दाखवायचं, मग त्याने पानाला शिवायचं. एकदा सर्दीने तिला उठायला उशीर झाला तर त्याने कठडा चोचीने ठोकून काढला. ‘नर्स झालाय मेला,’ ती म्हणाली, आणि गोळी घ्यायला उठली.

पुन्हा नळी घातली तेव्हा आतला कान स्वच्छ होता. डॉक्टरांनी दोनदा बघितलं. लगेच तार घालायची ठरली. आत असतानाही रक्त पातळ ठेवायचं औषध शिरेतून चालू राहील, दर थोड्या वेळाने रक्त तपासत राहू, तरी धोका अगदी शून्य कधीच नसतो, असं त्यांनी सांगितलं. शून्य नसतो म्हणजे किती असतो ते रमाकांतने विचारलं नाही. तो बाहेर बाकावर बसून राहिला. कुशाबाने त्याच्या शेजारी टाळ मांडीवर घेऊन बसकण मारली. ते अजून परत करायचे राहिले होते.

भामाकाकी जागी झाली तेव्हा वर पांढरा दिवा होता. डॉक्टर वाकले होते. पायाशी अनुजा आणि रमाकांत उभे होते.

‘आजी, झालं सगळं. ठोके एकदम सरळ पडतायत. ऐकू येतंय?’

‘व्हय.’

‘तुमचं नाव सांगा.’

तिने शब्द शोधला. तोंडात एकच सापडला.

‘व्हय.’

डॉक्टरांचं हसू थांबलं. ‘आजी, पूर्ण नाव सांगा.’

‘व्हय.’

रमाकांतने पलंगाची दांडी धरली. अनुजाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. डॉक्टर तिचा उजवा हात उचलून बघायला लागले.

भामाकाकीला सगळं दिसत होतं. आत सगळं जागच्या जागी होतं. नाव होतं, आडनाव होतं, अनुजाच्या माहेरच्या सगळ्यांची नावं होती. सगळे शब्द नळाच्या रांगेतल्या कळशांसारखे उभे होते आणि पुढे तो एकच शब्द नळ अडवून बसला होता. म्हणजे असं होतं तर. सहा वर्षं त्याच्या आत हे सगळं उभं होतं. मी मरू का विचारलं तेव्हा त्याच्या रांगेत शेवटी कुठेतरी ‘नको’ उभं असणार. तिला एकदम राग आला. त्याचा नाही, कुणाचा ते तिला कळेना, पण राग खरा होता आणि चांगला कडक होता. तिने समोर बघितलं. अनुजाच्या गालांवरून काळे ओघळ आले होते.

‘इस्पितळात रडायला येताना,’ भामाकाकी म्हणाली, जड जिभेने, पण एकेक अक्षर सुटं करून, ‘काजळ घालून कोण येतं गो?’

डॉक्टर पलंगाच्या कडेवर बसले. ‘गुंगी उतरतेय,’ ते म्हणाले. ‘वाचा व्यवस्थित आहे.’

‘हे व्यवस्थित आहे?’ अनुजाने विचारलं.

‘पूर्वीसारखं आहे का?’

‘अगदी.’

‘मग व्यवस्थितच.’

भामाकाकीने त्यांचं बोलणं ऐकलंच नव्हतं. ‘सकाळी वाडी ठेवलीस काय?’ तिने अनुजाला विचारलं.

‘ठेवली.’

‘चटणी?’

‘तीही ठेवली. आले तुमचे ते, डोकं वाकडं करून बघितली.’

‘मग?’

अनुजाने पदराने गाल पुसले. काजळ आणखी पसरलं.

‘खाल्ली,’ ती म्हणाली. ‘आणि म्हणाले, आजपर्यंत एवढी चांगली चटणी या घरात कुणी केली नव्हती.’

डॉक्टर यंत्रावरच्या ठोक्यांकडे बघत राहिले. भामाकाकीने तोंड भिंतीकडे फिरवलं.

‘माझी गोळी आणा,’ ती भिंतीला म्हणाली. ‘घरी जाऊन बघते त्याच्याकडे.’